ओल्या हायरमची बंदूक

लोखंडी गज नळीत सोडला, पण तो वाजला नाही. रिकाम्या नळीत गज तळाला टणकन वाजतो. हा मऊ आवाज करून थांबला आणि नेहमीपेक्षा चार बोटं वरच राहिला.

"डेल्फी, ही भरलेली आहे," बंदुका घडवणारा म्हातारा टॉलिव्हर अबशर म्हणाला आणि त्यानं नळीचं तोंड उघड्या दाराकडे वळवलं.

डेल्फिया बाकावर बसली होती. मांडीवर तिनं पसंत केलेली नवी ठासणीची बंदूक होती. तिची पहिलीच. नवरा गेल्यापासून घरात बंदूक हाती धरणारं कोणी उरलं नव्हतं, आणि अस्वलाला ते कळल्यासारखं त्यानं कुंपणातली दोन डुकरं नेली होती. उरलेलीही गेली, तर हिवाळाभर मुलांच्या ताटात मक्याच्या भाकरीशिवाय काही पडणार नव्हतं.

बंदूक पारखायची रीत टॉलिव्हरनंच तिला शिकवली होती. डोळे मिटायचे, दस्ता खांद्याला लावायचा, गाल टेकवायचा, मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी नीट समोर दिसली तर बंदूक आपली, नाहीतर दुसऱ्या कोणाची. या नवीची माशी जराशी डावीकडे दिसत होती.

"होईल सवय," ती म्हणाली होती.

बदल्यात ती वडिलांची ही जुनी बंदूक देणार होती. तिला तिनं गाल लावूनही पाहिला नव्हता. ती घरात नकोच होती.

"भरलेलीच असणार," ती आता म्हणाली. "त्या दिवसानंतर बाबांनी तिला हात कुठे लावला?"

टॉलिव्हर हसला. त्या दिवसाची गोष्ट बकहॉर्नच्या खोऱ्यात त्याच्याइतकी रंगवून कोणी सांगत नसे, कारण त्या दिवशी या बंदुकीसमोर तोच उभा होता. लढाईचे दिवस होते. तो फौजेतून पळून डोंगरात लपला होता. पळपुट्यांना धरणाऱ्या गावच्या टोळीनं त्याला हुडकून काढलं, दरीच्या काठावर उभं केलं, आणि कप्तानानं डेल्फियाच्या बापाला, हायरमला, पुढे बोलावलं. खोऱ्यात त्याच्यासारखा नेमबाज नव्हता. शिवाय तो शेजारी. त्याचं मन कोणाकडे आहे, तेही कळणार होतं.

"माझ्या डोळ्यांदेखत बार भरला लेकानं," टॉलिव्हर सांगायचा. "शिंगातून दारू ओतली, गोळी ठासली, नळीच्या कानावर बार पेटवायची चिमूटभर रंजक टाकली. नेम तर असा, की मी माझ्या आईला हाक मारली. चाप ओढला. रंजक भसकन पेटली आणि बंदूक मुकी. दारू ओली! त्या धुरातून मी जी उडी टाकली दरीत, ती अजून पाठीत दुखते."

लोक पोट धरून हसत. हायरमही हसे. पण ज्याला दारू कोरडी ठेवता येत नाही, तो डोंगरात कसला शिकारी? त्याचं नाव ओला हायरम पडलं. नेमबाजीच्या जत्रेत तो पुन्हा उभा राहिला नाही. सापळे लावून त्यानं घर चालवलं. डेल्फियाच्या लग्नात कोणीतरी म्हणालं होतं, "नवरीला कोरड्या जागी बसवा रे." तेव्हाही सगळे हसले होते.

"तेव्हाची ओल आता वाळली असेल," टॉलिव्हर म्हणाला. "भट्टीपासून लांब हो."

त्यानं गजाला स्क्रू लावून गोळी ओढून काढली. तिच्याभोवतीची चिंधी चरबीनं अजून मऊ होती. मग नळी फळीवर उपडी करून ठोकली. काळी पूड खाली पडली. त्यानं बोट ओलं केलं, पुडीत टेकवलं आणि जिभेला लावलं. दारू अशीच चाखायची त्याची जन्माची सवय.

तो थांबला. पुन्हा बोट लावलं.

"काय झालं, काका?"

"खारट नाही."

"म्हणजे?"

"दारूत सोरा असतो. जिभेला खारट लागतो."

त्यानं चिमूटभर पूड भट्टीतल्या निखाऱ्यावर टाकली. ओली होऊन वाळलेली दारूसुद्धा फुरफुरते. ही फुरफुरली नाही. हळूहळू तांबूस झाली, नि तिची राख झाली.

"कोळसा आहे," टॉलिव्हर म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येईना. "नुसता कोळसा. वस्त्रगाळ केलेला. घरूनच शिंगात भरून आणला होता त्यानं. खरी होती ती एवढी रंजक, धुरापुरती."

कप्तानानं ते शिंग एकदा हातात घेतलं असतं, तर दरीच्या काठावर दोघं उभे राहिले असते. डेल्फियालाही ते दिसत होतं. प्रार्थनेला उभं राहावं तशी दोघं त्या मूठभर पुडीसमोर उभी राहिली. बाहेर झाडावरून चेस्टनट टपटप पडत होते.

मग डेल्फियानं नवी बंदूक बाकावर ठेवली. वडिलांची उचलली. डोळे मिटले, दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला आणि डोळे उघडले. माशी नेमकी समोर होती.

"हीच," ती म्हणाली.

टॉलिव्हरनं मान हलवली. नळी धुतली, पुसली, कोरडी केली आणि बार भरण्यासाठी स्वतःचं शिंग उतरवलं. दारू मापाबाहेर सांडली.

"मी ती गोष्ट सांगून हसवायचो सगळ्यांना," तो मान वर न करता म्हणाला. "घरी आल्यावर काही म्हणायचा का गं तो?"

"एकदा मीच रडत घरी आले होते," डेल्फिया म्हणाली. "म्हटलं, त्या टॉलिव्हरकाकांना गप्प करा. तर बाबा म्हणाले, 'सांगू दे गं. सांगायला तो आहे ना.'"