टोकन नंबर दोनशे अठरा

"साहेब, वीस येतात."

"पंधराच," विष्णुपंत साहेब कागदातून मान वर न काढता म्हणाले. "तीन माणसं, पाच महिने. एवढा तीनचा पाढा येत नाही का, उमाबाई?"

उमा आपल्या टेबलाशी परतली. शहाण्णव सालापासून अंबरनाथच्या त्या केमिकल कारखान्यात हजेरी कॉम्प्युटरवर गेली होती. दर महिन्याचं एक शीट. त्यात कामगाराचा टोकन नंबर टाकला की मुख्य यादीतून त्याचं नाव आपोआप पुढे येई. यादीत नाव नसलं की त्या जागी एरर. मे महिन्यात रिअ‍ॅक्टर फुटला आणि तिघे जळून गेले. त्यांची नावं यादीतून काढली, तशी जानेवारी ते मे पाचही शीटवर एरर उगवले. उद्या फॅक्टरी इन्स्पेक्टर यायचा होता. एरर मोजायचे आणि तिथे 'मयत' टाईप करायचं, एवढंच काम.

फॉर्म्युला चुकला असेल म्हणून तिने स्क्रीनला बोट लावून मोजलं. दर शीटवर चार. चौथ्या ओळीत नावाच्या जागी एरर आणि शेजारी नंबर. दोनशे अठरा.

तिचं बोट तिथेच थांबलं.

हा नंबर ती दोन महिने रोज ऐकत होती. बदलापूरपलीकडच्या गावातली विठा स्फोटापासून घरी न आलेल्या नवऱ्याची चौकशी करायला रोज सकाळी गेटवर येऊन बसायची. नवऱ्याचं नाव कसं घेणार? जन्मात घेतलं नव्हतं. म्हणून वॉचमनला नंबर सांगायची. "दोनशे अठराचा काय कललं का?" उत्तर ठरलेलं: तो त्या दिवशी ड्युटीवर आलाच नव्हता. गावातल्या लोकांच्या जिभेला काय हाड! कुणा बाईबरोबर पळाला, असं तिच्या तोंडावर म्हणायचे. खरं सांगायचं तर उमालाही तसंच वाटलं होतं. आता तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिने मे महिन्याचं शीट उघडलं. स्फोटाचा दिवस, दुसरी पाळी. दोनशे अठरासमोर 'हजर'. नाव पुसणाऱ्या मेल्याला हजेरी पुसायचं सुचलं नव्हतं.

"झाले ना पंधरा?" साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला होता.

"माणसं चार आहेत, साहेब."

आता मात्र साहेबांनी मान वर केली. उद्यापासून आपल्याला इथे खुर्ची नाही, हे उमाला कळून चुकलं. तिने प्रिंट काढला आणि ती थेट गेटकडे चालू लागली.

विठा वॉचमनच्या शेडखाली बसली होती. उमा तिच्यापुढे उकिडवी बसली.

"वहिनी, तुमचे मालक त्या दिवशी कामावर आले होते. आत होते. आगीत..."

विठाने कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघत राहिली.

"म्हंजे मना टाकून नाय गेलं ते?"

"नाही हो, वहिनी."

विठा हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच हसली. मग उठून गेटचे गज धरले आणि आतल्या जळक्या शेडकडे बघत, अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल अशी, तिने जन्मात पहिल्यांदा नवऱ्याला नावाने हाक मारली.

"नाथाऽऽ!"