वैजनाथची खोली

दारू सोडवायला ठेवलेल्या नवऱ्याला भेटायला केशरबाई जामखेडहून नगरच्या व्यसनमुक्ती केंद्रात आली, तेव्हा वैजनाथ खिडकीशी बसून चहा पीत होता. अंगावर मूठभर मांस चढलं होतं, कपबशी हातात थरथरत नव्हती. तिला बरं वाटलं.

खोल्यांची सजावट करणाऱ्या कृपा मॅडम त्या दिवशी तिथेच होत्या. त्यांनी हौसेने सगळं दाखवलं. डोकं शांत राहावं म्हणून भिंतींना फिका हिरवा रंग, उठल्याबरोबर उजेड दिसावा म्हणून मोठी खिडकी.

"दारू सुटताना माणूस आतून फार हळवा होतो, ताई," त्या म्हणाल्या. "त्याला कशानं दचकायला होऊ नये. इथं दारसुद्धा आवाज न करता लागतं."

केशरबाईने दार लावून पाहिलं. खरंच आवाज झाला नाही. घरी वैजनाथ लाथेने दार उघडायचा आणि ती पोरींना पोटाशी धरून मोरीत लपायची. ऊसतोडीवर असताना तर राहायच्या पाचटाच्या कोपीला दारच नसायचं. ती पलंगाच्या कडेला टेकली. बसल्याबसल्याच तिचे डोळे मिटायला लागले.

"आवडली ना खोली?" मॅडमनी विचारलं.

"लई चांगली हाय," ती म्हणाली. मग नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून तिने आवाज खाली आणला. "मॅडम, मला हितं ऱ्हायचं आसंल, तर किती प्यावं लागंल?"