दारावरचा कडुलिंब

समितीच्या बायका कोपऱ्यावर वळल्या, तेव्हा मंदा स्टुलावर चढून दाराच्या चौकटीला कडुलिंबाची डहाळी बांधत होती. सुतळी बोटांत गुंतत होती. आत पाळण्यात आठ महिन्यांचं बाळ पायाचा अंगठा चोखत पडलं होतं. ठणठणीत.

तिने गाठ मारली, स्टूल आत ओढलं आणि अर्ध्या उघड्या दारात येऊन उभी राहिली.

पुढे गुलाबबाई होत्या, निर्वासितांच्या मदत समितीच्या अध्यक्ष. मागे आणखी दोघी, आणि त्यांच्यामध्ये कडेवर मूल घेतलेली ती बाई. पूर्व बंगालातून निघालेली. रायपूरजवळच्या माना इथल्या निर्वासित छावणीतून भावाकडे सुरतेला जाताना चक्कर आली, म्हणून तिला जळगाव स्टेशनावर उतरवलं होतं. भावाचा ठाव लागेपर्यंत दोघांना कुणाच्या तरी घरी ठेवायचं होतं आणि पहिलं नाव मंदाचंच निघालं होतं. निघणारच. मंदा कॉलेजात इतिहास शिकवायची. हिटलरच्या राज्यातून जीव घेऊन पळालेल्यांना कोणत्या देशाने काय सांगून परतवून लावलं, हाच तिच्या प्रबंधाचा विषय. गेल्या रविवारच्या सभेत ती त्यावरच बोलली होती. कुणी बेकारी पुढे केली, कुणी जागा नाही म्हटलं, कुणी म्हटलं आमच्या लोकांना रुचणार नाही. दार लावताना प्रत्येकाने सभ्य कारण दिलं, असं ती म्हणाली तेव्हा गुलाबबाई पदराने डोळे पुसत होत्या.

परवा पेपरात छावण्यांतल्या पटकीची, कॉलऱ्याची बातमी आली. तेव्हापासून मंदा पाणी दोनदा उकळत होती. नवरा नोकरीला धुळ्याला, शनिवारशिवाय येत नसे. आणि या बाळाच्या आधीचं मूल जुलाबातच गेलं होतं.

डहाळी पाहताच गुलाबबाई फाटकाशी थबकल्या. त्यांनी चपला काढल्या. घरात माता, म्हणजे देवी, आलेली असली की परक्याने उंबरा ओलांडायचा नाही, एवढं त्यांच्या मारवाडी घरातही पाळत.

"बाळाला?" त्यांनी हळू विचारलं.

"काल अंगावर पुरळ दिसलं," मंदा म्हणाली. वर्गात बोलावं तसा तिचा आवाज स्वच्छ निघाला.

कुणी पुढे काही विचारलं नाही. उलट गुलाबबाईच म्हणाल्या की आम्ही अशा वेळी आलो, मनावर घेऊ नका. इतकं बिनतोड कारण तिच्या प्रबंधातल्या एकाही देशाला सुचलं नव्हतं.

बंगाली बाईला तर काही समजावून सांगावंच लागलं नाही. तिने चौकटीकडे पाहिलं, वाकून दारापुढच्या मातीला कपाळ टेकवलं, आणि मग आपल्या मुलाचं तोंड पदराखाली घेऊन पटकन मागे सरली.

शेजारची भिकुबाई आपल्या दारात उभी राहून ऐकत होती. नवरा कापसाच्या जिनिंगात कामाला, खोली एक, पोरं तीन. ती म्हणाली की माझ्याकडे न्या, रात्री पाय लांब करायचे तर दार उघडं ठेवावं लागेल, एवढंच. बायका हसल्या, आणि मंदाच्या दाराकडे नजर जाताच ओशाळल्या.

दार लावून मंदा पाळण्याशी बसली. बाळाच्या कपाळाला हात लावला. गार होतं. मातेचं नाव घेऊन खोटं बोललं तर ती खरंच येते, असं तिची आई म्हणायची. मंदाचा त्यावर विश्वास नव्हता. तिने बाळाची मान पाहिली, पोट पाहिलं, कानामागे पाहिलं. पुन्हा कपाळ.

भिंतीपलीकडे ते मूल रडायला लागलं. मंदा कान देऊन ऐकत राहिली. दुखण्याचं रडणं नव्हतं ते. भुकेचं होतं. आईला तेवढं कळतं. मग तेही थांबलं.

दुपारी मागच्या दाराबाहेर सावली हलली. भिकुबाई कडी न वाजवता अंगणात लांब उभी होती. काही आणायचं आहे का, हे विचारायला आली होती. तुम्ही बाळापासून हलू नका, पाणी मी भरते, म्हणाली. मंदाने पाहुण्यांचं विचारलं. जेवले का?

"जेवनात ना," भिकुबाई म्हणाली. "फोडनीना वास मातेले चालत नही, म्हनीसन मी आज चुलावर नुसता भात ठेवा. पावनीले बी मी आळनीच वाढा. तिनी काई कुरकुर नही करी. तुमनं लेकरू बरं व्हस तवपावत बठ्ठासले, मना पोरेसले बी, आळनीच."

"भिकुबाई," मंदा म्हणाली.

भिकुबाई थांबली. पदर सावरून वाट पाहत राहिली.

तेवढ्यात आत पाळण्यात बाळ खळखळून हसलं. एकदा, आणि मग आणखी मोठ्याने.

मंदा धावत आत गेली आणि तिने त्याच्या तोंडावर हात दाबून धरला.