आजाऱ्याला सवलत

पुलावाची परात मध्ये आली आणि सगळ्या दोस्तांनी एर्गाशकडे इतक्या मायेनं पाहिलं, की आपण आपल्याच मयताला बसलोय असं त्याला वाटलं. एकानं त्याच्या पुढ्यातल्या मिरच्या वेचून घेतल्या. दुसऱ्यानं त्याच्या चहावर फुंकर घातली. आवाज सगळ्यांचे मशिदीतले.

उझबेकिस्तानातल्या मर्गिलान गावात दोस्तांची ही बैठक पाळीपाळीनं घरोघर भरते. एकमेकांची सालटी काढणं हा तिथला मुख्य पदार्थ. पुलाव आपला तोंडी लावायला. या विद्येत एर्गाशचा हात धरील असा एकच, कुचकार. दोघांचं वैर उभ्या गावाला प्रिय होतं.

पण एर्गाशच्या ओठाच्या आत, तंबाखूच्या जागी, पांढरा चट्टा उठला आणि चिघळला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कर्करोग नाही. तंबाखू सोडा, तिखट-गरम टाळा, दाखवायला येत राहा. ते सगळं तो पाळत होता. त्याला मारलं ते बैठकीच्या नियमानं: आजाऱ्याची थट्टा करायची नाही. तेव्हापासून त्याला कुणी साधं गाढवसुद्धा म्हटलं नव्हतं. तो जेवेना, बोलेना, भिंतीकडे तोंड करून पडून राही. आज यजमानपण आलं म्हणून बसला होता. एवढी पाळी उरकली की बैठकीला कायमचा रामराम, हे त्यानं मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

कुचकारनं बोटं पुसली.

"एर्गाश, मला तर त्या चट्ट्याचीच दया येते रे. अख्खं मर्गिलान मोकळं पडलंय, आणि बिचाऱ्याला बिऱ्हाड मिळालं कुठं, तर या उकिरड्यात."

परातीतले हात जागच्या जागी थांबले. कुणीतरी तोबा तोबा पुटपुटलं.

एर्गाश सावकाश ताठ झाला.

"आधी तुझंच तोंड बघून आला तो. म्हणाला, खांब एकही शिल्लक नाही, छप्पर कधी डोक्यात पडेल नेम नाही."

पहिला हसला तो कुचकारच, बोळकं पसरून. मग घर हसलं. एर्गाश इतका हसला की ओठ उलला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यानं पुलाव आणखी वाढून घेतला.

पाहुणे गेले. बायको, सालोमत, भांडी आवरायला आली.

"त्या कुचकारला काडीची लाज नाही बघ," एर्गाश खुशीत म्हणाला.

"होती की," परात उचलत ती म्हणाली. "ती सोडायला लावताना माझे जोडे झिजले त्याच्या दारात."