दोघांचा पूल

नवरा नोकरीसाठी परगावी. म्हणून रोज संध्याकाळी आम्ही फोनमधल्या ऑनलाइन गावात भेटायचो आणि हातात हात घालून भटकायचो. गेल्या आठवड्यात त्या गावाला नवं बेट जोडलं गेलं. तिथला पूल एकट्याला ओलांडूच देत नाही. दोघांनी हात धरला तरच फाटक उघडतं.

मी नेमकी तापाने आडवी पडलेली. "तू बरी हो गं, तुझ्याशिवाय कसलं बेट!" म्हणाला बिचारा.

आज एकदाचा पूल ओलांडला. बेट बघून मला काही राहवेना. त्याचा हात सोडून मी पळतच सुटले, तसा कानात त्याचा काळजीचा आवाज आला,


"अगं, सावकाश! त्या वळणापलीकडे पायऱ्या तुटल्यात, मी पडलो होतो तिथे."