डावा डोळा
२००६च्या हिवाळ्यात जर्मनीत, एर्लांगेनमधल्या एका प्रयोगशाळेत काचेचं उपकरण फुटलं आणि तिथे शिकायला आलेल्या ईप्सिताचा उजवा डोळा गेला. डाव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. आठवड्याच्या आत शस्त्रक्रिया केली तर तो डोळा वाचण्याची निम्मी आशा आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुण्याहून धावत आलेले बाबा उशाशी बसले होते. डोळ्यांवर पट्टी असल्यामुळे तिला फक्त त्यांचा आवाज कळत होता. "मी निघण्याआधी बँकेत विचारून आलोय," ते हळूच म्हणाले. "दोन्ही डोळे कायमचे गेले, तर तुझं शिक्षणाचं कर्ज विम्यातून माफ होतं. एका डोळ्यानं जरी दिसत असलं, तरी काही मिळत नाही." "बाबा, ऑपरेशनला इथे पैसे पडत नाहीत." "माहीत आहे. पण राहतं घर तारण आहे, बाळा. डोळ्याची खात्री नाही, विम्याची आहे." मग नर्स संमतीचा कागद घेऊन आली. "बाबा, माझं बोट सहीच्या जागेवर ठेवा," ईप्सिता म्हणाली. बाबा हलले नाहीत. शेवटी नर्सनंच तिचा हात धरून कागदावर नेला आणि तिनं वाकडीतिकडी सही केली. दहा दिवसांनी पट्टी निघाली. धूसर उजेडात आधी खिडकी दिसली, मग बाबा. "दिसतंय का गं?" त्यांनी विचारलं. "हो," ती म्हणाली. बाबांचा चेहरा पडला. तोही तिला दिसला.