दगडातली गाय

धापूने कळशी ओढणीखाली घट्ट धरली होती. समोर गुहेच्या भिंतीवर गेरूने काढलेली गाय. या वाळवंटात गवत होतं तेव्हा, हजारो वर्षांपूर्वी, कुणीतरी काढलेली. तिला आंघोळ घातली की ढग येतात, असं देवीचा पुजारी भोपा सांगायचा. यंदा महिनाभर घरटी रोज एक कळशी तिच्यावर रिकामी होत होती.

"भोपाजी, ही गाय पाणी पीत नाही. माझी पिते. दारात जीभ काढून पडलीय."

"एका जनावरासाठी गाव मारणार का, बाई?"

"घाल ना गं! तुझी गाय काय सोन्याचं शेण टाकते?" मागून एक बाई खेकसली. हसणाऱ्यांत धापूचा नवराही होता. त्यानेच कळशी हिसकावली आणि भिंतीवर ओतली.

ओला गेरू रक्तासारखा उजळला. ओघळलेलं लाल पाणी लोकांनी कपाळाला लावलं. आपण काय पुसतोय, हे एकाही शहाण्याला दिसलं नाही.

दुपारी भिंत वाळली, तेव्हा तिथे नुसता दगड होता. शिंगं नाहीत, वशिंड नाही. लोक घाबरले. भोपाही क्षणभर गडबडला, मग हात उंचावून ओरडला, "देवीने गाय स्वीकारली!"

तोवर धापू घरी जाऊन परत आली होती. मेलेल्या गायीच्या गळ्यातलं दावं तिच्या हातात होतं.

"कोणती?" तिने विचारलं.

भोपाने ऐकलंच नाही. तो उद्याच्या कळश्यांची वेळ सांगत होता.